पोस्टरवरची पाठ

एकोडी, ता. साकोली,
माघ पौर्णिमेनंतरचा गुरुवार

आदरणीय सुमनबाई यांना,

धाकट्या भावजयीचा, रत्नमालाचा, जय भीम. तुमचा गुडघा कसा आहे ते आधी कळवा. पायऱ्या उतरताना तो वाजतो असं तुम्ही म्हणाला होता. नुसता वाजत असेल तर वाजू द्या, दुखत असेल तर मात्र भाऊजींचं ऐकू नका आणि तुमसरला जाऊन दाखवून या. भाऊजींची खाणीतली नोकरी संपली तरी पहाटे साडेचारला उठून डबा कुठे आहे विचारायची सवय गेली का? इकडे मी बरी आहे. दोन्ही बकऱ्या बऱ्या आहेत. लाखोरी फुलावर आली आहे. खोकला होता तोही गेला.

पत्र कशाला लिहिलं, फोन होता ना, असं तुम्ही म्हणाल. बाई, तुमचा फोन स्पीकरवर असतो. मी इकडून 'हॅलो' म्हटलं की चिखल्याच्या अर्ध्या कॉलनीतून 'कोण हाय जी?' असं ऐकू येतं. मागे मी तुम्हाला माझ्या दाढेबद्दल सांगितलं, तर चौथ्या क्वार्टरमधल्या बाईंनी मधेच लवंग सुचवली. आज सांगायचं आहे ते लवंगेनं बरं होण्यासारखं नाही. म्हणून हे पत्र चष्मा लावून एकटीनं वाचा आणि वाचून झाल्यावर भाऊजींना फक्त गुडघ्याबद्दलचा भाग वाचून दाखवा.

गेल्या रविवारी तुम्ही म्हणालात की तृप्तीनं पाठवलेलं पोस्टर तुम्ही काचेत मढवून पुढच्या खोलीत लावलं आणि रोज संध्याकाळी त्याच्यापुढे मेणबत्ती लावता. 'माह्या भावाची चाल मले दुरून ओळखू येते, रत्ना,' असंही म्हणालात. मी 'हो बाई' म्हणून फोन ठेवला, आणि तेव्हापासून हे पत्र मनात लिहिते आहे. सुमनबाई, त्या पोस्टरवर तुमचा भाऊ नाही. (हे वाक्य मी आधी पेन्सिलनं लिहून पाहिलं. आता पेननं लिहिलं आहे, म्हणजे मागे फिरता येणार नाही.) तो कोण आहे हे सांगायला मला थोडं लांबून यावं लागेल. तुम्ही तोवर बसून घ्या.

तुमच्या लेकीनं, तृप्तीनं, दोन हिवाळे एकोडीत काढून चित्रपट केला तेव्हा तुम्ही रागावला होता. मुलीनं बँकेची परीक्षा द्यावी असं तुमच्या मनात होतं आणि ती तिचा मामा पाणी कसं सोडतो याचं शूटिंग करत बसली. तुमचा राग मला तेव्हाही पटला होता. चित्रपटाचं नाव 'पाणकर'. (गावच्या तलावाचं दार, आपण तुडूम म्हणतो ते, उघडून कोणाच्या धानाच्या बांधीत किती पाणी जाऊ द्यायचं हे बघणारा माणूस म्हणजे पाणकर. हे शहरातल्या लोकांना सांगावं लागतं. तृप्तीच्या एका मैत्रिणीला ते मामाचं आडनाव वाटलं होतं.) यांना तर नाटक करायचंच नव्हतं, रोज करत होते तेच करायचं होतं, म्हणून हे तयार झाले. शूटिंग संपलं, आणि पुढच्या वर्षी धान निसवत असताना हे गेले. त्याबद्दल आपण दोघी पुष्कळ बोललो आहोत. आज बोलत नाही.

तर पौष लागला तेव्हा तृप्तीचा फोन आला की दक्षिणेतल्या एका महोत्सवानं 'पाणकर' घेतला आहे. मी म्हटलं, छान झालं, आता काय करायचं? ती म्हणाली, आता प्रसिद्धीचं साहित्य पाठवायचं. मला वाटलं साहित्य म्हणजे पुस्तक. तिनं यादी वाचली: एक पोस्टर, सहा फोटो, गोष्ट एका ओळीत, तीच गोष्ट दीडशे शब्दांत, मुख्य नटाचा परिचय आणि दिग्दर्शिकेचं मनोगत. हे सगळं दहा दिवसांत, शनिवारी संध्याकाळच्या आत, नाहीतर त्यांच्या पुस्तिकेत आपल्या चित्रपटापुढे नुसता करडा चौकोन छापणार. चित्रपट करायला दोन वर्षं लागली तरी कोणी काही विचारलं नाही, आणि तो झाला आहे हे सांगायला दहा दिवस.

शब्दांचं काम तिनं माझ्यावर टाकलं. विहारातल्या कपाटातली सगळी पुस्तकं वाचलेली बाई आपल्या घरात मीच. (दोनदा वाचली आहेत. कपाट लहान आहे.) मी गोष्ट लिहिली ती वहीची चार पानं झाली. त्यात हे सकाळी काय खाऊन जात तेही होतं. तृप्ती म्हणाली, 'मामी, सुंदर आहे, पण एका ओळीत पाहिजे.' मी तीन दिवस एक एक वाक्य खोडत गेले. तांदूळ पाखडावेत तसं ते काम आहे, जरा जोरात झटकलं की दाणेही उडतात. शेवटी जे राहिलं ते असं: 'एक म्हातारा रोज तलावावर जातो आणि परत येतो.' मला ते लिहून लाज वाटली. तृप्ती मात्र फोनवर म्हणाली की याच्यापुढे तिच्या मनोगताची गरज नाही. नटाच्या परिचयात 'पूर्वानुभव' असा रकाना होता. त्यात मी लिहिलं: जिल्ह्याचे दोन तुकडे झाले त्या वर्षापासून अठरा वर्षं पाणकर, अभिनय कधी केला नाही, खोटं बोलायचं तर कान लाल होत. तेही तिनं तसंच पाठवलं.

अडचण फोटोंची होती, त्यासाठी तृप्ती स्वतः एकोडीला आली. बाई, दोन हिवाळे तिथे पाच माणसं दोन कॅमेरे घेऊन फिरत होती आणि एकालाही साधा फोटो काढून ठेवायचं सुचलं नाही. तृप्तीबरोबर आलेला कॅमेरावाला प्रितम (नागपूरचा, चांगला मुलगा आहे, वांग्याची भाजी खात नाही एवढंच) मान खाली घालून म्हणाला, 'काकू, आम्ही शूटिंग करत होतो ना.' चित्रपटातूनच काढा म्हटलं, तर इतर पाच फोटो तसे निघाले, पण पोस्टरसाठी हवा होता पहाटेचा, धुक्यातला, आणि तो मोठा केला की फाटत होता. त्यानं मला लॅपटॉपवर दाखवला. मोबाइलएवढा होता तोवर माणूस होता, भिंतीएवढा केल्यावर कोणी पोहे सांडल्यासारखे दिसत होते.

चेहऱ्याचे चांगले निघत होते, पण चेहरा लावायला मीच नको म्हटलं होतं, ही चूक माझी आहे. आपल्या तालुक्यात फ्लेक्सवर माणसाचा चेहरा मोठा लागला की त्याचे तीनच अर्थ होतात. वाढदिवस असतो, निवडणूक असते, नाहीतर माणूस गेलेला असतो. लोक हात जोडून पुढे जातात, चित्रपटाला कोणी येत नाही. शिवाय बसस्टँडच्या भिंतीवर यांचं तोंड, खालून बकऱ्या कागद ओढणार, वरून लोक पान थुंकणार. मी तृप्तीला म्हटलं, पाठ दाखव. पाठीवर थुंकलं तर त्यांना दिसणार नाही. ती म्हणाली, तिच्याही मनात पाठच होती, पुढे सगळा तलाव आणि छोटासा मामा. मग प्रितमनं विचारलं, ती आता आणायची कुठून?

तेव्हा मारोतराव पुढे आले. यांचे मित्र, तुम्ही ओळखता, उंची तीच, खांदे तेच. यांचा खाकी हाफ शर्ट, पांढरा पायजमा पोटरीपर्यंत दुमडून, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला आणि खांद्यावर फावडं, असे ते गुरुवारी पहाटे तयार होऊन तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभे राहिले. वाटेत बायजाबाई पाणी घेऊन येत होत्या. धुक्यातून हा माणूस येताना बघून त्यांनी डोक्यावरचा पाण्याचा गुंड खाली ठेवला, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाल्या, 'डोमाभाऊ, मेल्यावरबी पानी सोडाले चालले का जी? कायले एवढी घाई?' मारोतरावांनी दुपट्टा सोडून दाखवला तेव्हा म्हणाल्या, 'हं. तरीच म्हनलं, डोमाभाऊ एवढे नटत नव्हते.' म्हणजे कपडे बरोबर होते.

पण मारोतराव चाळीस वर्षं झाडीपट्टीच्या नाटकात राजा आणि पोलीस इन्स्पेक्टर झालेले. तृप्तीनं सांगितलं, 'काका, कॅमेऱ्याकडे पाठ करून सरळ चालत जा.' ते चार पावलं गेले आणि हळूच तिरपे झाले. पुन्हा सांगितलं, पुन्हा तिरपे. आठव्या खेपेला ते खेकड्यासारखे आडवे चालत तुडुमापर्यंत गेले, तोंड पूर्ण आमच्याकडे. विचारलं तर म्हणाले, 'पोरी, पब्लिकले पाठ दाखवाची नसते. माह्या गुरूनं मले पैल्या दिवशी थे सांगतलं. चाळीस वर्सं झाले, मी मरन्याचा सीनबी तोंड पुढे करून मरून राहिलो.'

'काका, इथे पब्लिक नाही, तलाव आहे.'

'कॅमेरा आहे ना? थोच पब्लिक.'

प्रितमनं कॅमेरा झाकायला म्हणून पळसाची डहाळी लावली. तरी मारोतरावांना तो कुठे आहे ते कळत होतं, पाठीला कळत होतं म्हणे. शुक्रवारी त्यांनी मनावर घेतलं, मान घट्ट धरून सरळ गेले, पण छाती काढून, पावलं मोजून, जणू पुढे सिंहासन आहे. फोटो निघाला. लॅपटॉपवर बघितला तर एक राजा फावडं घेऊन स्वतःच्या तलावाची पाहणी करत होता. तृप्तीनं चहा न पिता कप ठेवला. मी म्हटलं, हे असे चालत नव्हते. ती म्हणाली, माहीत आहे मामी, पण उद्या शनिवार आहे.

शनिवारी मारोतराव आले ते दिघोरीहून, रात्रभर नाटक करून. यांचे कपडे त्यांनी धुऊन घडी करून आणले होते. ते माझ्या हातात दिले, अंगणातल्या बाजेवर टेकले आणि इन्स्पेक्टरच्या मिशीसकट झोपून गेले. आम्ही हाका मारल्या, प्रितमनं खांदा हलवला. त्यांनी झोपेतच 'हातकडी लाव' म्हटलं आणि कूस बदलली. धुकं तासाभरात उठणार होतं. तृप्ती पायरीवर बसली होती. तुमची लेक रडत नाही हे तुम्हाला माहीत आहे. ती नुसती चपलेनं माती सारखी करत होती.

मी तिला एवढंच दाखवायला उठले की तिचा मामा चालायचा कसा. फावडं डाव्या खांद्यावर, कारण दुपट्ट्याचं टोक उजवीकडे सोडलेलं. उजवा पाय जरा ओढून, बैलानं पाय दिला होता त्या वर्षापासून. मान खाली, कारण पाळीवर खेकड्यांची बिळं असतात आणि बीळ दिसलं की हे टाचेनं बुजवत. दहा पावलं अंगणात चालून दाखवली, मागे वळले तर दोघं माझ्याकडे बघत होते. मग मीच म्हटलं, आण इकडे ते कपडे.

बाई, तो शर्ट मला बेताचा आला. इतकी वर्षं मी साकोलीच्या शिंप्याला यांचं माप देत होते, माझं मापही तेच आहे हे मला साठाव्या वर्षी कळलं. केस दुपट्ट्यात गेले. पायजमा दुमडताना जरा संकोच वाटला, पण पाळीवर त्या वेळी बायजाबाई सोडून कोणी नव्हतं, आणि त्यांनी या खेपेला गुंड खाली ठेवला नाही. 'चाला, म्या काई पाह्यलं नाई,' एवढं म्हणून त्या गेल्या.

सव्वा वर्षात मी तलावाच्या पाळीवर पाय ठेवला नव्हता. शेतात जायला मी रस्त्यानं फिरून जाते, वीस मिनिटं जास्त लागतात, कोणी विचारलं तर रस्त्यानं चालणं प्रकृतीला बरं असं सांगते. त्या दिवशी सरळ गेले. मागे फोटो काढत होते हे मी दहा पावलांत विसरले. दोन बिळं बुजवली. तुडुमापाशी पालापाचोळा अडकून पाणी आडवं वाहत होतं, तो फावड्यानं ओढून काढला. परत आले तेव्हा तृप्ती म्हणाली, मामी, आम्ही पाच मिनिटांपूर्वीच थांबलो होतो, तू हाक ऐकलीच नाहीस. मला खरंच ऐकू आली नव्हती. घरी येऊन मी तीन भाकरी खाल्ल्या. कित्येक दिवसांत तेवढी भूक लागली नव्हती.

फोटो दुपारी गेला, संध्याकाळी पोचल्याचं उत्तर आलं, आणि करडा चौकोन टळला. साकोलीच्या फ्लेक्सवाल्या घनश्यामनं मात्र आधी पोस्टर छापायला नकार दिला होता. 'मॅडम, मानूस उलटा लागला आहे,' म्हणाला. पाठच हवी आहे म्हटल्यावर त्यानं छापलं, पण खाली सवयीनं शुभेच्छुकांसाठी सहा गोल सोडले, रिकामेच. तृप्तीला ते आवडले, पाण्याचे थेंब वाटतात म्हणे. तुमच्या भिंतीवर आहेत ते गोल त्याचे आहेत.

तर सुमनबाई, तुम्ही मेणबत्ती लावता ती पाठ माझी आहे. लिहून झालं. गेले चार दिवस छातीवर जातं ठेवल्यासारखं होतं, ते आता उतरलं. तुम्हाला फसवायचं नव्हतं. तृप्तीला मीच शपथ घातली होती, कोणाला सांगू नको म्हणून. तुम्ही पोस्टर बघून रडाल आणि त्याला काचेत घालाल हे दोघींच्याही डोक्यात आलं नाही. तुम्ही रागावलात तरी चालेल. पण चाल ओळखलीत म्हणालात ना, ती खोटी ओळख नव्हती. पंचेचाळीस वर्षं मी त्या चालीच्या मागे चालले. ती यांचीच आहे, माझ्याकडे राहून गेली.

फ्रेम काढावी की ठेवावी ते तुमचं तुम्ही ठरवा. मेणबत्ती मात्र यांच्या लग्नातल्या फोटोपुढे लावा. रोज संध्याकाळी माझ्यापुढे लागते आहे हे कळल्यापासून मी संध्याकाळी उगाच नाडी बघते.

भाऊजींना नमस्कार. गुडघ्याला तेल लावून शेक द्या.

तुमची,
रत्नमाला

ता.क. मारोतरावांना यातलं काही कळू देऊ नका. पोस्टर त्यांच्या शुक्रवारच्या फोटोचं आहे असं ते समजतात. रोज सायकलवर साकोलीला जाऊन त्या फ्लेक्सशेजारी उभे राहतात, तेही भिंतीकडे तोंड आणि रस्त्याकडे पाठ करून, म्हणजे लोकांना जुळवून बघता यावं. चाळीस वर्षांचा नियम मोडला त्यांनी. चहावाल्या ईश्वरनं 'मारोतराव, फोटोत तुमी जरा बारीक दिसता' म्हटलं तर म्हणाले, कॅमेऱ्यात तसंच येतं. राहू द्या.

ता.क. दुसरा. तृप्ती येता सोडून पुढच्या रविवारी एकोडीच्या समाजमंदिरात चित्रपट दाखवणार आहे, संध्याकाळी सहाला. तुम्हाला बोलवायची तिची हिंमत होत नाही, कारण मागे तुम्ही 'मले पाहावनार नाई' म्हणाला होता. मी आग्रह करणार नव्हते.

ता.क. तिसरा, आणि हा भाऊजींना अजिबात दाखवू नका. मीही तो पाहिलेला नाही. दिवाळीच्या सुट्टीत तृप्तीनं लॅपटॉपवर लावून दिला आणि ती आंघोळीला आणि धुणं धुवायला गेली. मी आवाज बंद करून तेवढा वेळ लसूण सोलला आणि ती आल्यावर 'छान झाला आहे' म्हटलं. ती चार पानं, ती एक ओळ, तो परिचय, सगळं मी चित्रपट न बघता लिहिलं. आता रविवारी गाव मला पहिल्या रांगेत खुर्ची देणार, आणि माझ्यानं एकटीनं होणार नाही. शनिवारच्या गाडीनं या. गुडघ्यासाठी उशी ठेवते. प्रितम म्हणत होता, अकराव्या मिनिटाला हे मागे वळून आपल्याकडे बघतात आणि काहीतरी बोलतात. काय बोलतात ते मी त्याला विचारलं नाही. आपण दोघी मिळून ऐकू.